बारमाही चातुर्मास

उल्का आठल्येच्या स्वयंपाकघरात वीस-बावीस वर्षं कांदा आला नाही, आणि सोसायटीत या गोष्टीचं कोण कौतुक होतं! कोथरूडची ती सोसायटी काही अगदीच धर्म बुडवणाऱ्यांची नव्हती. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी घरोघर कांदेनवमी व्हायची. भजी, थालीपीठ, झुणका, लसणाची चटणी, सगळं एकदाचं पोटात ढकलायचं आणि मग चातुर्मासाचे चार महिने कांद्या-लसणाचं नाव काढायचं नाही, असा रिवाज. निम्म्या घरांचा चातुर्मास श्रावण संपता संपता गुपचूप आटपायचा, ते सोडा. आठल्यांचा मात्र बारा महिने चालायचा. खालच्या मजल्यावरच्या पेंडसेबाई पाहुण्यांना जिन्यातूनच त्यांचं दार दाखवायच्या, "इथं लसणाची पाकळीसुद्धा चढत नाही हं." दाराआड कुणा महाराजांची समाधी असावी असा त्यांचा सूर असे.

या घराचे यजमान यज्ञेश्वर आठल्ये. सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक, अंगाने नीटस, कपाळावर गंधाची बारीक टिकली, बोलणं साय धरल्यासारखं. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांना 'आहार आणि संयम' या विषयावर बोलायला वरचेवर बोलावत. माणूस जसं खातो तसा घडतो, असं ते सांगत, आणि म्हातारे माना डोलवत. उल्का मागच्या खुर्चीवर बसून ऐके. या माणसाच्या डोक्यावर भरल्या सभेत कढीचं पातेलं उपडं करावं, असं तिला दर वेळी वाटे. मग आठवे की आपल्या कढीत लसूणही नाही, म्हणजे त्यात काही मजा नाही.

कारण हे घर इतकं सात्त्विक कशामुळे झालं, ते जगात तिघांना ठाऊक होतं: यज्ञेश्वरला, त्याच्या आईला आणि उल्काला. चौथी हेमा, एकुलती एक मुलगी. तिला चुकीचं ठाऊक होतं. उल्काचं सगळं दुखणं तिथं होतं. नवरा तिच्या हातून कधीच निसटला होता आणि त्याचं तिला आता फारसं काही वाटत नव्हतं. मुलगी मात्र तिला परत हवी होती.

उल्काचं माहेर निफाडकडचं. तिकडे कांद्याच्या चाळी, कांद्याच्या गाड्या, उन्हाळ्यात साऱ्या गावाला कांद्याचा वास. भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा यावर ती वाढली. चौऱ्याऐंशी साली लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा आठल्यांकडेही सगळं चालत होतं. सासूबाई, आनंदीबाई, स्वतः कांद्याची पीठ पेरून भाजी फार छान करायच्या. उल्का घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायची, यज्ञेश्वर कचेरीतून वेळेवर यायचा, हेमा झाली, सगळं चारचौघांसारखं.

हेमा तीन वर्षांची असताना उल्काला एक दुखणं लागलं. बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात त्यातलंच असेल म्हणून तिनेही महिनाभर काढलं आणि मग नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि टॉवेलला पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "हा आजार बाईला आपला आपण होत नाही. मिस्टरांना घेऊन या." उल्का घरी चालत आली. वाटेत एका दुकानाशी थांबून तिने हेमासाठी बिस्किटं घेतली. त्या वाक्याचा अर्थ तिला दुकानातून बाहेर पडताना कळला.

यज्ञेश्वरला रडता फार छान यायचं. तो रडला. एकदाच झालं म्हणाला, मित्राने नेलं म्हणाला, हेमाची शपथ घेतली. शपथेला तीन वर्षांची मुलगी सोयीची होती. नंतर हळूहळू उलगडलं, की कात्रजच्या पुढे घाटाच्या तोंडाशी एक लॉज होतं, तिथं तो लग्नाच्या आधीपासून जात होता. आधी महिन्याने, मग आठवड्याने. मध्ये सोडलं की दुप्पट वेगाने परत. लग्न झालं की आपोआप थांबेल, असं त्याला वाटलं होतं म्हणे. म्हणजे उल्का ही या गृहस्थांना औषध म्हणून आणलेली होती.

तिने सासूला सांगितलं. दुसरं होतं कोण? आनंदीबाईंनी मुलाला बोलावलं नाही, दोन शब्द विचारले नाहीत. डोळे मिटून थोडा वेळ बसल्या आणि निकाल दिला.

"उष्णता आहे त्याच्या अंगात. लहानपणापासूनच आहे. गोवर आला होता तेव्हाच वैद्यांनी सांगितलं होतं मला."

"आई, हा गोवर नाहीये."

"उद्यापासून कांदा-लसूण बंद," आनंदीबाई म्हणाल्या. "रक्त तापतं त्यानं."

दुसऱ्या दिवशी कांद्याची टोपली कामवाल्या मैनाबाईच्या पदरात रिकामी झाली. मागोमाग वांगी गेली, अंडी गेली, गरम मसाला गेला. धने-जिऱ्याचं पाणी आलं, सब्जा आला, गुलकंदाच्या बरण्या आल्या. पुरुषाच्या वासनेचा उगम फोडणीत असतो, असा शोध आठल्यांच्या घरात लागला. हा सगळा थंड प्रकार करायचा उल्काने, खायचा सगळ्यांनी. आजार एकट्या यज्ञेश्वरचा, पथ्य साऱ्या घराला. वर आनंदीबाईंनी तिला एकदा बाजूला घेऊन समजावलं, "तूही जरा नीटनेटकी राहत जा. सारखं मेलं ते गणित! पुरुषाला घरात बरं वाटलं पाहिजे."  उल्काने मनातल्या मनात या मायलेकांना एका ओळीत उभं केलं आणि दोघांचा सारखाच तिरस्कार करायला सुरुवात केली.

ती सोडून का गेली नाही, असं विचारणाऱ्याने निफाडला जाऊन तिच्या भावाला भेटावं. "हेमाचं बघ जरा," एवढं बोलून त्याने चहा सांगितला होता. उल्का परत आली आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत झोपायला लागली. आता घरात सून निराळ्या खोलीत का झोपते आणि कांदा का बंद आहे, या दोन गोष्टींना काहीतरी कारण हवं होतं. नातेवाईक विचारत होते. आनंदीबाईंनी एकाच वेळी दोन्हींचा निकाल लावला. "आमच्या सुनेला सोवळ्याची फार आवड," त्या कौतुकाने सांगायला लागल्या. "मीही म्हटलं, करू दे बाई."

तेव्हापासून तो चातुर्मास उल्काचा झाला. बारशाला, मुंजीला बायका तिच्या पानात वाढताना म्हणायच्या, "तुम्हाला चालायचं नाही ना हे?" ज्या बाईने जन्मात एक एकादशी धड केली नव्हती, ती वीस वर्षं पुण्यात कर्मठ म्हणून ओळखली गेली. हेमा तर हेच ऐकत मोठी झाली. आजी सांगे, आईचं सोवळं आहे. बाबा उसासा टाकून सांगत, चालायचंच, आईच्या मनाविरुद्ध जाऊ नये.

आणि हे बाबा हेमाचे मोठे लाडके. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते तिला स्कूटरवर बसवून कात्रजला साप दाखवायला न्यायचे. संध्याकाळी परत येताना पोरीच्या तोंडाला, केसांना, फ्रॉकला कांद्याचा वास असायचा. उल्काला कळे, की बाहेर भुर्जी किंवा भजी खाल्लेली आहे. खाऊ दे, असं तिला आतून वाटे. पण आनंदीबाई पलंगावरून नाक वर करून विचारत, "कसला गं वास?" मग ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर तोंड टाकता येत नसे आणि आठ वर्षांची मुलगी उल्काच्या तावडीत सापडे. ती हेमाला मोरीत उभी करी, तिच्या हातावर मीठ देई आणि हात-तोंड चोळून चोळून चुळा भरायला लावी. एकदा रागाच्या भरात तिने थोबाडीतही मारली होती. हेमाने एका शब्दाने बापाचं नाव घेतलं नाही. आईकडे अशी बघत राहिली, की ती नजर उल्काला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहिली. यज्ञेश्वर तेव्हा बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत बसला होता.

हेमा इंजिनिअर झाली. हिंजवडीला नोकरी लागली आणि महिन्याभरात ती तिकडेच तीन मुलींबरोबर फ्लॅट घेऊन राहायला गेली. बसच्या प्रवासाचं कारण होतं. निघताना मात्र खरं बोलली.

"मला तुझ्या किचनमध्ये श्वास घेता येत नाही, आई. सॉरी, पण बाबांनी कसं काढलं इथे इतकं आयुष्य, त्यांचं त्यांना माहीत."

उल्का डबा भरत होती. तिने झाकण लावलं आणि डबा मुलीच्या हातात दिला. सांगायचं म्हणजे काय सांगणार? बापाबद्दल कुठल्या तोंडाने सांगणार? रविवारी हेमाचा फोन यायचा, तो बाबांना.

मधल्या काळात यज्ञेश्वरच्या अंगातली उष्णता सब्जा-गुलकंदाने कमी झाली असेल, असं कुणाला वाटत असेल तर वाटो. लॉज बंद पडलं तर दुसरं सापडलं. मग व्हिडिओ आले, मग सायबर कॅफे आले, मग घरच्या कॉम्प्युटरच्या खोलीला आतून कडी लागायला लागली. तो हेमाच्या दहावीच्या सत्काराला पोहोचला नाही. साडूच्या अंत्यविधीला उशिरा आला. प्रत्येक वेळी एक कारण असे आणि ते मऊ आवाजात सांगितलेलं असे. खोटं बोलण्यात त्याने जेवढं डोकं खर्च केलं, तेवढ्यात एखादा माणूस बढत्या घेऊन साहेब झाला असता.

मग दोन हजार अकरा साली आनंदीबाई दवाखान्यात होत्या. शेवटचे दिवस आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. सकाळी डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं, जवळच्या दुकानात मिळेना. यज्ञेश्वर आणायला गेला. तो गेला तो गेलाच. उल्काने वाट बघितली, फोन लावले, शेवटी नर्सला बसवून स्वतः धावत जाऊन दुसऱ्या दुकानातून ते आणलं. आनंदीबाई अधूनमधून डोळे उघडून विचारायच्या, "यज्ञेश्वर आला?" उल्का म्हणायची, "येतोय." दुपारी त्या गेल्या, हात उल्काच्या हातात होता. तासाभराने तो आला. केस विंचरलेले, तोंड धुतलेलं, आणि हातात औषधाची पिशवी. औषध अगदी बरोबर आणलं होतं.

तेरावा झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "उल्का, मला थांबवता येत नाही," तो म्हणाला. "मी त्या दिवशी औषध घेऊन परतच निघालो होतो. मला जायचं नव्हतं. तरी गेलो." तो रडला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं होत आली होती, आणि न रडता केलेलं त्याचं हे पहिलं बोलणं होतं, म्हणून उल्काने त्यावर विश्वास ठेवला.

दया वगैरे काही आली नाही तिला. तिने नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून चांगल्या तज्ज्ञाचं नाव विचारलं आणि त्याला कर्वे रस्त्याच्या बाजूच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेऊन बसवलं. डॉक्टर सुनीती पन्नाशीच्या, आवाज शांत, पोलक्याच्या बाहीला खडूसारखा कसला तरी डाग. त्यांनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजवर काय काय उपाय केलेत?"

 उल्का म्हणाली, "कांदा-लसूण बंद."

डॉक्टरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. उल्काने सगळं सांगितलं, गोवरापासून गुलकंदापर्यंत. आपण सांगतोय ते किती हास्यास्पद आहे, हे तिला सांगता सांगता कळत होतं आणि त्यामुळे ती जास्तच ताठ बसून सांगत होती. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी यज्ञेश्वरला बाहेर बसायला सांगितलं आणि विचारलं, "उल्काताई, तुम्हाला आवडतो का कांदा?"

तेव्हा उल्का रडली. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. आपण एवढ्याशा प्रश्नावर रडतोय याचा तिला भयंकर राग आला आणि रडू काही थांबेना.

पुढे रीतसर उपचार सुरू झाले. आधी दोघांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्या सुदैवाने बऱ्या निघाल्या. डॉक्टरांनी समजावलं, की यात उष्णतेचा काही संबंध नाही. दारुड्याला जशी दारू, तसं या माणसाला हे झालंय. मन अस्वस्थ झालं, एकटं वाटलं, भीती वाटली, की हा तिकडे धावतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग लाज वाटते, आणि त्या लाजेपासून पळायला परत तेच. त्याला उदासीवरच्या गोळ्या दिल्या. आठवड्याला एकदा बोलायला बसवलं, धावायची वेळ येते कधी आणि तेव्हा दुसरं काय करायचं ते शिकवायला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आला. दर गुरुवारी संध्याकाळी अशाच माणसांची बैठक असे, तिथं जायचं. पहिल्या बैठकीहून परतल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "फार सुशिक्षित मंडळी आहेत गं." उल्का म्हणाली, "मग काय, पुढच्या खेपेला संयमावर व्याख्यान द्या त्यांना."

तिच्यासाठी डॉक्टरांनी निराळी वेळ ठेवली होती. तिथं ती भांडायचीच.

"आजार आजार म्हणून तुम्ही त्याला सोडवताय. म्हणजे आता मी याचे पाय चेपायचे?"

"आजार आहे म्हणजे जबाबदारी नाही, असं मी कुठे म्हटलं?" डॉक्टर म्हणाल्या. "आजार त्यांचा दोष नाही. पण खोटं बोलणं, आणि ते तुमच्या माथी मारणं, ते त्यांचं आहे. त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचंय. आणि त्यांच्याबरोबर राहायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचंय. बरे झाले तरीही."

मध्ये दोनदा त्याचा तोल गेला. दोन्ही वेळा त्याने आपण होऊन सांगितलं. उल्काने ऐकून घेतलं आणि शिकवणीच्या मुलांना दार उघडायला गेली.

वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, की आता मुलीला सांगायला हवं. तपशील नकोत, तिच्यावर ओझं टाकायचं नाही. पण तिच्या वाट्याला जे खोटं आलंय, ते तिच्यासमोर त्यांनी स्वतः मागे घ्यायचं.  ज्याची वाट बघत उल्काने एवढी वर्षं थंड आमट्या गिळल्या, ते होणार होतं.

रविवारी सकाळी चौघं डॉक्टरांच्या खोलीत बसली. यज्ञेश्वरने घसा साफ केला आणि व्याख्यान सुरू केलं. "बाळा, मनुष्याचं मन फार दुर्बळ असतं. मला एक आजार होता. मी बराच काळ त्याच्याशी एकट्याने झगडलो." मग आजाराचं नाव घेतलं, मऊ शब्दांत गुंडाळून. हेमा पांढरी पडली.  मग तिने पुढे होऊन बापाचा हात हातात घेतला.

"बाबा, हे आम्हाला सांगायला केवढी हिंमत लागते!" आणि आईकडे वळली. "घरात कुणी यांना जवळ केलं असतं तर ही वेळ आली असती का? तुझं सोवळं, तुझी वेगळी खोली. इट्स सो अनफेअर."

यज्ञेश्वरच्या डोळ्यांत पाणी आलं. हेमाच्या हातातला हात त्याने काढून घेतला नाही. उल्काला त्या क्षणी त्याची जेवढी किळस आली, तेवढी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातही आली नव्हती. तिने आवाज चढवला नाही.

"अहो, कांदा कुणामुळे बंद झाला, तेवढं सांगा तिला."

त्याने डॉक्टरांकडे बघितलं. त्या त्याच्याकडेच बघत राहिल्या. 

"माझ्यामुळे," शेवटी तो म्हणाला. या खेपेला आवाजात साय नव्हती. "तुझ्या आजीने बंद केला, माझ्यामुळे. तुझ्या आईचं सोवळं कधीच नव्हतं. खोलीसुद्धा माझ्यामुळे. तू तीन वर्षांची होतीस तेव्हापासून. मी तुला खोटं सांगितलं."

झालं. जे हवं होतं ते उल्काला मिळालं. ती मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली, की आता हेमा आपल्याकडे बघेल, आता बघेल. हेमा बघेना. ती बापाकडेच बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती.

"तीन वर्षांची," ती म्हणाली. "मग शनिवारचं काय?"

यज्ञेश्वरने मान खाली घातली.

"कात्रजला आपण साप बघून झालं की तुम्ही मला गेनबाच्या भुर्जीच्या गाडीवर बसवायचात. 'मित्राला भेटून आलोच' म्हणायचात. तो गेनबा मला परत परत भुर्जी द्यायचा. म्हणायचा, 'खा पोरी, येत्यात तुजं बाबा.' मी त्या बाकड्यावर गृहपाठ करायचे." तिने बापाचा हात सोडला. "तुम्ही म्हणायचात, आईला सांगू नकोस, तिला कांद्याचं चालत नाही. मला वाटायचं, हे आपलं दोघांचं सीक्रेट आहे. बाबा, तुम्ही कुठे जायचात?"

 कात्रजच्या पुढचं ते लॉज उल्काला आठवलं. साप, भुर्जी, फ्रॉकचा वास, सगळं तिच्या नाकाखालून दर शनिवारी गेलं होतं. पोरीला आडोसा करून हा माणूस गेला होता, आणि तो वास धुऊन काढायला आपण तिला मोरीत उभी केली होती. हेमा उठली, पर्स उचलली आणि निघून गेली. आईशीही बोलली नाही.

त्यानंतर बरेच महिने हेमाचा फोन आला नाही, कुणालाच नाही. उल्काने केला तर उचलून "ठीक आहे मी" एवढं म्हणायची. ती आता डॉक्टर सुनीतींनी सुचवलेल्या एका समुपदेशक बाईंकडे जाते, इतकं कळलं. यज्ञेश्वर आनंदीबाईंच्या खोलीत राहायला लागला. गुरुवारची बैठक त्याने सोडली नाही. ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस नेहमीप्रमाणे व्याख्यानाचं आमंत्रण घेऊन आले, तेव्हा उल्का आतून ऐकत होती. "मला त्या विषयातलं काही कळत नाही," तो म्हणाला. चिटणीस त्याला विनय समजले आणि आणखी खूश होऊन गेले.

आषाढात कांदेनवमी आली. उल्का सकाळीच मंडईत गेली आणि कांदे घेऊन आली, पिशवी जिन्यात पेंडसेबाईंना दिसेल अशी धरून. पेंडसेबाईंचं तोंड उघडं राहिलं. "आमच्याकडे आज भजी आहेत," उल्का म्हणाली. "या दुपारी." एवढं बोलायला तिला कित्येक वर्षांत जमलं नव्हतं आणि ती जिना तरुण मुलीसारखी चढली. मग तिने हेमाला फोन केला. हेमा म्हणाली, "येते."

कांदा चिरताना उल्काचे डोळे वाहत होते आणि ती एकटीच हसत होती. बोटांना तो चिकट रस, नाकाला तो झोंबरा वास, थेट निफाडच्या घरातला. पहिला घाणा तेलात सोडला, घरभर वास सुटला. तेवढ्यात दार वाजलं. हेमा आत आली, चपला काढल्या, बापाच्या खोलीकडे न बघता सरळ स्वयंपाकघरापर्यंत आली आणि उंबऱ्यावर थांबली. तिने पदरासारखी ओढणी नाकाला लावली.

"काय झालं गं?"

"मला कांदा खाववत नाही आता," हेमा म्हणाली. "ऑफिसच्या कॅन्टीनमध्येसुद्धा. वास आला ना, की मी त्या बाकड्यावर बसलेली असते. सॉरी, आई. तू हे माझ्यासाठी केलंयस, मला कळतंय."

उल्काने गॅस बंद केला. आनंदीबाईंच्या खोलीतून यज्ञेश्वरचा आवाज आला, "झाली का भजी?" तिने सगळा घाणा एका ताटलीत काढला, नेऊन त्याच्यापुढे ठेवला. "घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला कांदा कधीच बाधला नव्हता." आणि परत येऊन तिने खिडक्या उघडल्या. चिरलेला कांदा, भिजवलेलं पीठ, कढईतलं तेल, सगळं बाहेर बाल्कनीत नेऊन ठेवलं. दुसरी कढई काढली, नवं तेल ओतलं, टोपलीतली दोन घोसाळी धुऊन घेतली.

"राहू दे ना, आई."

"बस तू. घोसाळ्याची करते. तुला लहानपणी आवडायची."

हेमा ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. उल्का घोसाळी चिरायला गेली आणि स्वतःच्याच बोटांचा वास तिच्या नाकात शिरला. तिने सुरी ठेवली. मिठाच्या बरणीतून मूठभर मीठ घेतलं आणि नळाखाली हात चोळायला लागली, तळवे, बोटं, नखांच्या कडा, जोरजोरात, जसं मोरीत उभं करून मुलीला चोळायला लावायची तसं. कातडी लाल झाली तरी ती थांबेना.

"आई," हेमा म्हणाली. ती उठून जवळ आली आणि तिने नळ बंद केला. "गेला वास. पुरे आता."

उल्काने मान हलवली, आणि पुन्हा मिठाच्या बरणीत हात घातला.